स्टेम सेल: सातारा-सांगलीतून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारच्या घरांतून येतात. एका घरात बाळ येणार असतं, दुसऱ्या घरात कुणाला तरी रक्ताचा आजार निघालेला असतो, आणि तिसऱ्या घरात गुडघ्यांसाठी किंवा मुलासाठी सगळे उपाय करून झालेले असतात. तिघांच्याही कानावर 'स्टेम सेल' हा एकच शब्द पडतो, पण तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्टेम सेल म्हणजे नक्की काय? मूलपेशी तीच का?

हो, तीच. उसाच्या कांडीवरचा डोळा डोळ्यांसमोर आणा. बाकीची कांडी साखर साठवते, डोळा मात्र लावला की फुटतो. शरीरातल्या बहुतेक पेशी कांडीसारख्या एका कामाला जुंपलेल्या असतात. मूलपेशी दोन कामं करते: स्वतःसारखी नवी मूलपेशी तयार करते आणि गरजेप्रमाणे कामाच्या पेशी घडवते. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून अस्थिमज्जेला, म्हणजे बोन मॅरोला, दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी कराव्या लागतात. हा कारखाना मूठभर मूलपेशींच्या जिवावर चालतो.

उसाची उपमा इथेच सोडायला हवी. डोळ्यातून अख्खा ऊस येतो, पण मोठ्या माणसाच्या मूलपेशीतून अख्खा माणूस काय, दुसरा अवयवही येत नाही. रक्ताची मूलपेशी रक्तच बनवते, कातडीची कातडीच. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

२. प्रकार किती?

कामापुरते तीन. भ्रूणातल्या मूलपेशी शरीरातली कुठलीही पेशी बनवू शकतात. प्रौढ मूलपेशी आपापल्या अवयवापुरत्या असतात. नाळेतल्या रक्तातल्या मूलपेशीही याच गटात मोडतात, त्या बाळाच्या असल्या तरी. तिसऱ्या आयपीएस पेशी: साध्या पेशी प्रयोगशाळेत मागे नेऊन भ्रूणासारख्या केलेल्या (प्रश्न ५). जाहिरातीत पहिल्या प्रकाराचे गुण सांगून प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकारच्या पेशी टोचणं हा नेहमीचा खेळ आहे.

३. हे शास्त्र अगदी नवीन आहे ना? मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा?

रक्ताच्या मूलपेशींपुरतं बोलायचं तर ते अजिबात नवीन नाही. अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना दुसऱ्याची मॅरो दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतलं कुणीही वाचलं नाही. दाता आणि रुग्ण जुळवायचे कशावरून हेच तेव्हा माहीत नव्हतं. फ्रान्समध्ये जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरची पहिली खूण ओळखली. त्या कामातून पुढे एचएलए तपासणी आली, म्हणजे पेशींवरच्या खुणांवरून दाता आणि रुग्ण जुळवणं. १९६१ मध्ये टोरंटोत टिल आणि मॅककुलक यांनी उंदरांची मॅरो किरणोत्सर्गाने मारून त्यांना दुसऱ्या उंदरांच्या मॅरोपेशी टोचल्या. दहाएक दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर गाठी आल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या तितक्या गाठी जास्त, आणि प्रमाण साधारण दहा हजार पेशींमागे एक. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते हे १९६३ मध्ये सिद्ध झालं. मूलपेशी असते, हे पहिल्यांदा मोजून दाखवलं ते इथे.

१९६८ पासून जुळणाऱ्या भावंडाची मॅरो घेऊन मुलं वाचू लागली. भारतात पहिलं प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. पहिल्या सहा मृत्यूंपासून नोबेलपर्यंत तेहतीस वर्षं गेली. 'नवं संशोधन, लगेच उपचार' असं कुणी सांगितलं तर हा आकडा आठवावा.

४. १९९८ साली एवढा गाजावाजा आणि वाद कशाचा झाला?

उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी १९८१ मध्येच वेगळ्या करता आल्या होत्या. माणसाच्या भ्रूणातून त्या वेगळ्या करून बशीत वाढवल्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी, नोव्हेंबर १९९८ मध्ये. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेली, पालकांनी संशोधनासाठी दिलेली, पाचेक दिवसांची भ्रूणं त्यांनी वापरली. चौदा भ्रूणांतला आतला पेशीगुच्छ काढला, त्यातून पाच पेशीवंश, म्हणजे बशीत सतत वाढत राहणारे पेशींचे संच, टिकले. गुच्छ काढला की भ्रूण संपतं, वाद त्यावरून झाला.

अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी ठरवलं की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या पेशीवंशांवरच सरकारी पैसा खर्च होईल. तेव्हाच्या पात्र संस्थांच्या यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र अशी दोन भारतीय नावं होती. ओबामा यांनी मार्च २००९ मध्ये ही अट उठवली. भारतात मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायला आणि माणसाचं क्लोनिंग करायला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंदी आहे.

५. यामानाका यांनी नेमकं काय केलं?

बेडकाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घातलं तर त्यातून बेडूकमासा होतो, हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे मोठ्या पेशीतही सगळी माहिती शाबूत असते, नुसती कुलूपबंद. शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी क्योटोत किल्ल्या शोधायला घेतल्या. भ्रूणपेशींत जागी असणारी २४ जनुकं निवडून त्यांनी ती सगळी उंदराच्या कातडीच्या पेशींत घातली. काही पेशी भ्रूणासारख्या झाल्या. मग एकेक जनुक वगळत गेले: जे काढल्यावर काम बिघडतं ते ठेवायचं. शेवटी चारच उरली. हे २००६ मध्ये. नोव्हेंबर २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर हेच जमलं, आणि त्याच दिवशी थॉमसन यांच्या गटानेही स्वतंत्रपणे तसंच काम जाहीर केलं. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

भ्रूणाचा वाद त्यामुळे बराचसा मागे पडला. पण चारपैकी एक जनुक, सी-मिक, कर्करोगाशी जोडलेलं आहे, आणि सुरुवातीला हजारात एखादीच पेशी 'मागे' जात असे. पुढची बरीच वर्षं हे दोन दोष काढण्यात गेली.

६. मग आयपीएसचे उपचार आपल्यापर्यंत का पोचले नाहीत? डायबेटीस बरा झाल्याच्या बातम्या खऱ्या का?

सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधल्या कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरीतल्या एका बाईंच्या स्वतःच्या कातडीपासून आयपीएस पेशी, आणि त्यांपासून दृष्टिपटलाखालचा थर तयार केला. १.३ गुणिले ३ मिलिमीटरची ती चकती त्यांच्या डोळ्यात बसवली. डोळ्याच्या आजाराची घसरण थांबली, नजर मात्र फारशी सुधारली नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, म्हणून २०१५ मध्ये काम थांबवलं. पुढे दात्याच्या, आधीच तपासून ठेवलेल्या पेशी वापरायच्या असं ठरलं.

अडचणी तीन. बशीतल्या सगळ्या पेशी 'शिकून' तयार होत नाहीत. थोड्या कच्च्या राहिल्या तरी शरीरात गाठ धरते. वाढवताना पेशी वारंवार दुभंगतात आणि त्यात चुका साठतात. आणि पेशी दुसऱ्याच्या असतील तर शरीर त्या नाकारतं.

मधुमेहाच्या बातम्या पूर्ण खोट्या नाहीत, अर्धवट आहेत. टाइप १ मधुमेहाच्या एका चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. भ्रूणमूलपेशींपासून केलेल्या इन्सुलिन पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभराने इन्सुलिनशिवाय होते. निकाल मोठाच आहे. पण त्यांना शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, आणि निवडलेले रुग्ण होते साखर अचानक धोकादायक खाली जाणारे. आपल्याकडे घरोघरी असतो तो टाइप २. त्याला हे लागू नाही.

पार्किन्सन्सच्याही दोन छोट्या चाचण्या एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. क्योटोची आयपीएस पेशींची, सात रुग्णांची. आणि अमेरिका-कॅनडातली भ्रूणपेशींची, बारा जणांची. दोन्हींचा मुख्य प्रश्न 'धोका आहे का' एवढाच होता.

७. या क्षेत्रात फसवणूक फार झाली म्हणतात. शास्त्रज्ञांनीही केली का?

केली. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांतून मूलपेशी मिळवल्याचं सांगितलं. आकडे बनावट निघाले आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही निबंध रद्द झाले. जपानमध्ये जानेवारी २०१४ मध्ये 'पेशी सौम्य आम्लात बुडवली की मूलपेशी होते' असा दावा झाला. कुणालाच तो पुन्हा करून दाखवता आला नाही आणि जुलैत तो मागे घेतला गेला. हृदयात मूलपेशी असतात, त्या टोचून हृदय दुरुस्त होतं, असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्या पिएरो अन्व्हर्सा यांचे ३१ निबंध मागे घ्यावेत अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्डने केली. सर्वांत भयंकर प्रकरण पाओलो मॅकियारिनी यांचं. प्लॅस्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या मूलपेशी लावून ती बसवायची, असा त्यांचा प्रयोग. रुग्ण दगावले, आणि स्वीडनच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली.

ह्वांग यांचं प्रकरण आतल्याच माणसाने वाचा फोडल्यावर उघडं पडलं. आम्लाच्या दाव्यातली चूक महिन्यांत पकडली गेली, कारण इतरांनी प्रयोग करून पाहिला. शेवटच्या दोन प्रकरणांत वर्षं लागली, कारण मध्ये रुग्णांची आशा होती आणि संस्थांची प्रतिष्ठा.

८. मग आज खरंच सिद्ध झालेला उपचार कोणता?

रक्ताच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण: रक्ताचे काही कर्करोग, मायलोमा, लिम्फोमा, अप्लास्टिक अॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार. भाजलेल्या रुग्णासाठी वाढवलेली कातडी. आणि डोळ्याच्या बुबुळाच्या कडेच्या मूलपेशींचं रोपण. या शेवटच्याबद्दल आपल्याकडे फार कमी जणांना माहिती असते, म्हणून थोडं सविस्तर.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलाने दाबली आणि चुना डोळ्यात उडाला, तर बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात आणि डोळा पांढरा पडतो. नुसतं नेत्रदानातलं बुबुळ बसवून उपयोग होत नाही, वरचा थर पुन्हा तयार करणाऱ्या पेशीच नसतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतून २०१२ मध्ये यावर एक साधी पद्धत प्रसिद्ध झाली: चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन गुणिले दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि वारेच्या पातळ पडद्यावर ते चिकटवून जखमी डोळ्यावर ठेवायचे. पेशी वाढवायची प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही डोळे जळले असतील तर मात्र ऊती नातेवाइकाची घ्यावी लागते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं येतात. अर्थात हे नंतरचं. चुना उडाला त्या क्षणी डोळा वीस ते तीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा, पापणीखालचे कण काढा आणि मगच गाडी काढा. तूप, मध काहीही घालू नका.

९. बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये ऑपरेशन करतात का? घरच्यांनी काय तयारी ठेवायची?

रुग्णाचं ऑपरेशन नसतं. आधी पाच ते दहा दिवस जोरदार केमोथेरपी, कधी सोबत किरणोपचार. त्याने जुनी मॅरो मोकळी होते. मग मूलपेशींची पिशवी रक्त चढवावं तशी शिरेतून चढवतात. पेशी रक्तातून आपोआप हाडांत जाऊन बसतात. रुग्णाच्या प्रत्येक किलो वजनामागे किमान २० लाख सीडी-३४ पेशी (ही खूण असलेल्या पेशींवरून रक्ताच्या मूलपेशी मोजतात) लागतात. गोठवलेल्या पेशी असतील तर त्यातल्या द्रावकामुळे रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. नातेवाईक घाबरतात, पण तो दोनेक दिवसांत जातो.

पुढचे दोन-तीन आठवडे अवघड. पांढऱ्या पेशी जवळपास शून्य असतात, तोंडात फोड येतात, ताप आला तर तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावं लागतं. सलग तीन दिवस न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर राहिले की 'मॅरो धरली' म्हणतात. द्राक्षाची काडी डॉगरिजच्या खुंटावर धरली की नाही हे तासगावचा बागायतदार नव्या फुटीवरून ओळखतो, तसंच.

दुसऱ्याची मॅरो असेल तर उलटाही धोका असतो: आलेल्या पेशीच रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. म्हणून पहिले १०० दिवस केंद्राजवळ राहायला सांगतात. आपल्या भागातून बहुतेकांना पुणे, मुंबई किंवा खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये जावं लागतं. जत किंवा माण तालुक्यातून दर आठवड्याला ये-जा करणं जमत नाही, भाड्याच्या खोलीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. खोलीत ओल आणि बुरशी नको, जवळ बांधकाम नको. रक्त चढवायचं तर किरण दिलेलंच लागतं, हे गावाकडच्या डॉक्टरांना लिहून द्या. लहानपणीच्या लसी पुसल्या जातात. त्या सहा महिने ते वर्षानंतर परत सुरू होतात, गोवरासारखी जिवंत लस साधारण दोन वर्षांनी.

मायलोमासारख्या आजारात रुग्णाच्याच पेशी परत देतात. त्यात जीव्हीएचडी नसतं आणि मुक्कामही कमी लागतो.

१०. सख्ख्या भावाचं रक्त जुळेलच ना?

रक्तगटाचा इथे संबंध नाही. गट वेगळा असला तरी चालतं. जुळावं लागतं ते एचएलए. अर्धा संच आईकडून, अर्धा वडिलांकडून येतो, म्हणून एक सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील तर कुणीतरी एक जुळण्याची ४४ टक्के, तीन असतील तर ५८ टक्के. आईवडील सहसा निम्मेच जुळतात.

आपल्या भागापुरतं एक वेगळं. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर नवरा-बायकोचा एचएलएचा एक भाग सारखाच असू शकतो. अशा घरांत आई किंवा वडील, चुलतभाऊ-मावसभाऊ पूर्ण जुळण्याची शक्यता वाढते. समुपदेशकाला हे नातं मोकळेपणाने सांगा. संकोचापायी लपवलं तर घरातला दाता घरातच राहून जातो. थॅलेसेमियासारखे आजार अशा लग्नांत जास्त दिसतात, तो हिशोब वेगळा (प्रश्न १९).

कुणीच जुळलं नाही तर निम्म्या जुळणाऱ्या नातेवाइकाची मॅरोही आता वापरतात. पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याची पद्धत आल्यापासून ते बरंच सुरक्षित झालं.

११. मला दाता व्हायचंय. मणक्यातून काढतात म्हणे, कायमची पाठ धरते का?

मणक्याला हात लावत नाहीत. मॅरो आणि मणक्यातला मज्जारज्जू या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत दोन्हींत 'मज्जा' आल्याने घोळ होतो. दात्री किंवा डीकेएमएस यांसारख्या दात्यांच्या नोंदवहीत नाव घालताना गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बाकी काही नाही. वय किमान १८ लागतं. वरची मर्यादा नोंदवहीप्रमाणे पन्नाशीच्या आसपास.

पुढे कधी जुळलात तर नव्याने तपासण्या होतात. मग चार-पाच दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन. त्याने मूलपेशी हाडांतून रक्तात उतरतात. या दिवसांत अंग, कंबर, डोकं दुखतं, पॅरासिटामॉलने भागतं. त्यानंतर एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी गाळून उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत येतं. चार ते सहा तास लागतात. कॅल्शियम उतरल्याने ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. थेट मॅरो काढायची असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून काढतात, आणि ती काही आठवड्यांत भरून येते.

नाव मागे घ्यायचा हक्क शेवटपर्यंत तुमचा आहे. पण रुग्णाची केमो सुरू झाल्यावर मागे हटलात तर त्याची स्वतःची मॅरो गेलेली असते आणि नवी येत नाही. म्हणून घरच्यांशी बोलणं नोंदणीच्या आधीच उरका.

१२. डिलिव्हरीला बाळाच्या नाळेतलं रक्त साठवावं का? एजंट मागे लागलाय.

घरात सध्या कुणाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार नसेल तर गरज नाही. आयसीएमआरची भूमिकाही हीच आहे: बाळाच्या पुढच्या वापरासाठी खासगी साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही.

कारण साधं आहे. बाळाला पुढे थॅलेसेमिया निघाला तर तोच दोष नाळेतल्या रक्तातही असणार. ल्युकेमियात बहुधा दुसऱ्याच्याच पेशी लागतात. उरला प्रश्न मात्रेचा. एका पिशवीत समजा ५० कोटी केंद्रकयुक्त पेशी मिळाल्या. दर किलो वजनाला किमान अडीच कोटी लागतात, म्हणजे ती २० किलोच्या मुलापुरती झाली. दहावीतल्या पोराला ती पुरत नाही. शिवाय पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने बांधली तर बाळाच्या वाट्याचं रक्त जातं. जागतिक आरोग्य संघटना नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधायला सांगते.

अपवाद असा: घरात थोरल्या मुलाला थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया असं काही आहे आणि दुसरं बाळ येतंय. तेव्हा नाळेतलं रक्त जरूर जपावं. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी केलेलं, नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण असंच होतं: फॅन्कोनी अॅनिमिया असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. अशा घरांनी सातव्या महिन्याच्या आतच रक्तविकारतज्ज्ञांना भेटावं.

पैसे आधीच भरले असतील तर बँकेकडून लेखी अहवाल मागा: एकूण केंद्रकयुक्त पेशी किती, सीडी-३४ किती, जिवंत पेशींचं प्रमाण किती, जंतुतपासणीचा निकाल काय, परवान्याची मुदत कधीपर्यंत. पेशी खूप कमी निघाल्या असतील तर वार्षिक शुल्क भरत राहण्यात अर्थ नाही.

१३. आजीने नाळेचा वाळलेला तुकडा डबीत जपलाय. त्याचा उपयोग होईल का? आणि दुधाचे दात?

नाळेचा तुकडा आठवण म्हणून ठेवा. वाळला तेव्हाच पेशी मेल्या. मूलपेशी जिवंत राहायला द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवाव्या लागतात. दुधाच्या दातांच्या गाभ्यात मूलपेशी असतात हे २००३ पासून माहीत आहे, पण त्यांवर सिद्ध झालेला नेहमीचा उपचार आजही नाही.

१४. गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का?

आधी विचारा, सिरिंजमध्ये काय आहे. हाताचं रक्त घेऊन अर्ध्या तासात यंत्रात फिरवून टोचत असतील तर ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट. त्यात मूलपेशी नसतात. कमरेच्या हाडातून मॅरो काढून, घट्ट करून टोचत असतील तर त्यात फार थोड्या असतात: मॅरोतल्या दर दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादी मीझेंकायमल पेशी (गुडघ्याच्या जाहिरातीतली 'स्टेम सेल' ती हीच). या पेशींना १९९१ मध्ये 'मूलपेशी' नाव देणारे आर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये नाव बदला म्हणून लिहिलं. शरीरात गेल्यावर त्या कूर्चा बनवत नाहीत, संदेश देणारी द्रव्यं सोडतात, हे त्यांचं म्हणणं. सूज आणि वेदना काही काळ कमी होणं त्यात बसतं; 'गुडघा नवा होतो' हे बसत नाही.

बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सच्या, दात्यांच्या मॅरोतून वाढवलेल्या पेशींच्या औषधाला भारतात २०२२ मध्ये गुडघ्याच्या मध्यम झिजेसाठी परवाना मिळाला. ते घेत असाल तर कुपीवरचं नाव, बॅच क्रमांक आणि बिल मागा. चौथ्या पायरीच्या झिजेत, हाडाला हाड लागल्यावर, त्याच्यावर पैसे घालू नका. पोटाची चरबी काढून तासाभरात गुडघ्यात टोचणाऱ्यांना विचारा की याला परवाना कुठला.

१५. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल सांगितलंय. 'ही क्लिनिकल ट्रायल आहे' म्हणतात. खरं कसं ओळखायचं?

ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. सेरेब्रल पाल्सीतही तो मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या २००७ च्या नियमावलीच्या नावात 'संशोधन आणि उपचार' होतं. २०१३ मध्ये 'उपचार' शब्द मुद्दाम काढला. पाठीतून सुई घालून पेशी देताना भुलीचे आणि मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचे धोके असतात. त्याहून हमखास तोटा वेगळाच: त्या पैशांत आणि वेळात होणारी स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी मागे पडते.

चाचणी खरी असेल तर सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर तिचा क्रमांक सापडतो. तो स्वतः टाकून पाहा आणि रुग्णालयाचं नाव, आजार, पेशींचा प्रकार जुळतो का ते तपासा. २०१९ च्या औषध नियमांनुसार मूलपेशींपासून केलेलं उत्पादन 'नवं औषध' ठरतं. म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, आपल्याकडे मराठीत, संमतीपत्र हवंच. चाचणीत झालेल्या इजेचा उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची असते. आणि रुग्णाकडून पेशींचे पैसे घ्यायचे नसतात. 'पॅकेज' हा शब्द निघाला की ती चाचणी नव्हे.

नुसती नोंद असणं पुरेसं नाही. फ्लोरिडात तीन वृद्ध बायकांच्या दोन्ही डोळ्यांत पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या आणि त्यांची नजर गेली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही सरकारी यादीवर चाचणीची नोंद होती, आणि त्यांनी प्रत्येकी पाच हजार डॉलर मोजले होते. शंका आली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते.

१६. थॅलेसेमिया, सिकलसेलला जनुक कापणारं नवं औषध आलंय ते?

कासगेव्ही. ब्रिटनने त्याला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी मान्यता दिली, अमेरिकेने डिसेंबरात. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तमूलपेशी काढून त्यांतला एक 'ब्रेक' क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने तोडतात, म्हणजे जन्माआधीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. केमो टळत नाही, प्रश्न ९ मधली जुनी मॅरो मोकळी करायची पायरी इथेही आहेच. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर.

आपल्यासाठी जवळचा रस्ता जुळणाऱ्या भावंडाच्या मॅरोचा. त्यासाठी थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, कोल इंडियाच्या निधीतून, ठरावीक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. वय जितकं कमी आणि शरीरात साठलेलं लोह जितकं कमी, तितका निकाल चांगला. त्यामुळे लोह उतरवणारी औषधं 'आता ट्रान्सप्लांटच करायचंय' म्हणून बंद करू नका.

१७. सीएआर-टी हे पण स्टेम सेलच ना?

नाही. त्यात रुग्णाच्या टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, कर्करोग ओळखायला शिकवतात. आयआयटी मुंबईत घडलेल्या नेक्सकार-१९ ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

१८. स्टेम सेल पावडर, कॅप्सूल, सफरचंदाच्या स्टेम सेलची क्रीम?

गिळलेली पेशी जठरात पचते, मटणातली पचते तशीच. सफरचंदाची पेशी माणसाच्या कातडीत रुजत नाही. साखळी पद्धतीने विकणाऱ्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, पण बीपी-शुगरच्या गोळ्या या पावडरीसाठी बंद करू नका.

१९. ट्रान्सप्लांटनंतर डीएनए बदलतो का? मुलीचं लग्न ठरवताना काय सांगायचं?

रक्ताचा डीएनए दात्याचा होतो, रक्तगटही हळूहळू दात्याचा होतो. शाळेच्या दाखल्यावर किंवा ओळखपत्रावर जुना गट असेल तर नवा लिहून जवळ ठेवा. लाळेत दोघांचं मिश्रण सापडतं, म्हणून अशा व्यक्तीची डीएनए तपासणी करायची झाल्यास प्रत्यारोपण झाल्याचं आधी सांगावं लागतं. केसांच्या मुळांत, कातडीत डीएनए स्वतःचाच राहतो. बोटांचे ठसे तेच, आधारला अडचण नाही.

बीजांडं आणि शुक्राणूही स्वतःचेच राहतात. म्हणजे थॅलेसेमियातून बरी झालेली मुलगी स्वतः ठणठणीत असली तरी तिच्या प्रत्येक मुलाकडे तिच्याकडून दोषी जनुक जाणारच. नवरा वाहक नसेल तर मुलं फक्त वाहक होतात, आजारी नाही. नवरा वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात निम्मा धोका. म्हणून ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याची हिमोग्लोबिन एचपीएलसी तपासणी आधी करून घ्या: एचबी-ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर वाहक समजून तज्ज्ञांना भेटा. मुलीची तीच तपासणी प्रत्यारोपणानंतर करून उपयोग नाही, कारण अहवाल दात्याचा येईल.